जरा चालून दाखव

तरुणपणी मी कुणाच्या घरी मुलगी पाहायला गेले की त्या घराची छाती धडधडायची. पोहे संपले की मी म्हणायचे, "बाई, जरा चालून दाखव." मग तांदूळ निवडायला लावायचे, मग पेपर वाचायला. बोरी गावची एक पोर वाचता वाचता अडखळली. तिच्या आईसमोरच मी म्हटलं, "दाणा टपोरा हाय, पण आतून किडका." केवढी हुशार मी! नाकात नथ आणि डोक्यात शेण.

तेच डोकं दोन वर्षांखाली फुटलं. ताडकळसच्या बाजारातून लेकाच्या मोटारसायकलवर येताना गतिरोधकावर उडाले. मेंदूला मार बसला. आता डावा पाय फरपटतो आणि बोलताना शब्द ऐनवेळी दगा देतात. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सून रोज करून घेते. "आत्याबाई, चालून दाखवा." मग ताटलीत तूर आणि मूग मिसळून पुढ्यात सरकवते, "निवडा." मी निवडते, ती हसते. हसू दे. तिला पाहायला गेले तेव्हा मी तिचे दात मोजले होते.

गेल्या महिन्यात नातीला पाहायला गंगाखेडचे पाहुणे यायचे होते. लेक खाली बघत म्हणाला, "माय, तू आतल्या खोलीतच थांब. उगं त्यांना वाटंल, घराण्यातच डोक्याचं कायतरी हाय."

राग आला नाही. माझ्या भरात मी असल्या म्हातारीला कोंडून वर कडी घातली असती.

दाराआडून ऐकत बसले. मुलाच्या मावशीनं बशी खाली ठेवली आणि थेट माझ्या जुन्या आवाजात म्हणाली, "बाई, जरा चालून दाखव."

नात उठायच्या आत मी बाहेर आले. पाय फरपटत, खुर्च्या धरत, मावशीच्या समोरून भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. घामानं चिंब. लेकाचं तोंड पांढरंफटक.

"ह्या कोण?" मावशीनं विचारलं.

'मी हिची आजी,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द येईना. सगळे माझ्या उघड्या तोंडाकडं बघायलेत आणि मी उभीच. बोरीची पोर अशीच उभी होती.

शेवटी निघालं ते असं, "मी... किडकी. ह्याच घरची."

नात अर्धी उठलेली, पुन्हा खाली बसली. "आजीनं दाखवलं की चालून," म्हणाली. "बास झालं."

होकार अजून आलेला नाही. लेक माझ्याशी बोलत नाही. सुनेनं दुसऱ्या दिवशी ताटलीत मोहरीही मिसळली.

"आत्याबाई, आता तुमी वरच्या वर्गात."