अकरा जणी आणि सहा जोड्या

मी भुताखेतांच्या गोष्टींची चेष्टा करणाऱ्यांतली. आमच्या घरात बाबांनी लहानपणापासून शिकवलं होतं, आधी पुरावा, मग विश्वास. म्हणूनच हे लिहायला मला दोन वर्षं लागली...

मी इंग्रजी शिकवते. तेव्हा वारंगा फाट्यावर, खताच्या दुकानावरच्या खोलीत, दुपारी तीनला माझा वर्ग भरायचा. अकरा जणी. सगळ्या नर्सिंग झालेल्या, परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या. व्याकरण यायचं, पण तोंड उघडायचं नाही. म्हणून मी चर्चा सुरू केली. फळ्यावर विषय, समोरासमोर जोड्या, पाच मिनिटं बोलायचं. मग उठून स्वतःचं नाही, जोडीदारणीचं मत सांगायचं — 'माय पार्टनर सेज...' अकरा जणी, म्हणजे एका गटात तिघी बसायच्या.

त्या दिवशी विषय होता, गाव बरं की शहर. कविता, जवळच्या तांड्यावरची, वर्गात सगळ्यांत अबोल, आपणहून उठली. स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "माझी पार्टनर म्हणते, ती इथून कुठंच जाणार नाही. मीही जाऊ नये."

मी टाळ्या वाजवल्या. हजेरी लिहिताना लक्षात आलं, आज तिघींचा गट झालाच नव्हता. सहा जोड्या... आणि हजर अकरा.

दुसऱ्या दिवशी चर्चा चालू असताना मी मागच्या कोपऱ्यात गेले. कवितासमोरची खुर्ची रिकामी. ती मान डोलावत ऐकत होती.

"कविता, कोणाशी बोलतेस?"

"थांबा मॅडम, तिचं बोलणं चालू हाय."

शेजारच्या रेखाला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "दोघींचा आवाज येऊन राहिला व्हता, म्हणून आमी तिकडं पाहिलंच न्हाई." मग तिनं त्या खुर्चीकडे पाहिलं आणि माझ्यामागे सरकली.

मुलाखतीचं टेन्शन असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. चर्चा बंद ठेवली. पण आठवड्यानं कविताची आई जिना चढून वर आली.

"मॅडम, लेकरू घरी एक शब्द बोलून न्हाई राहिलं. इचारलं काहून, तर कागदावर लिवून देलं, पार्टनर बोलू नको म्हणती. कोण हाय ती? तिला सांगा, माझ्या पोरीला सोड."

कविता त्याच कोपऱ्यात होती. काय करावं सुचेना. मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसले. "तुझी आई आलीये. तिच्याशी बोल."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्याच्या जरा वर पाहत इंग्रजीत म्हणाली, "माझी पार्टनर म्हणते, ही खुर्ची तुमची नाही."

आवाज कविताचाच होता. तरी मी ताडकन उठले. मी एका बाजूनं आणि आईनं दुसऱ्या बाजूनं धरून तिला ओढतच खाली आणलं. रस्त्यावर ट्रकांच्या आवाजात ती आईला बिलगली. "याडी," म्हणजे त्यांच्या बोलीत आई, एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

कविता परत आली नाही. दुसऱ्या दिवशी दहा जणी होत्या. मनातली भीती मोडावी म्हणून मी मुद्दामच जोड्या करायला सांगितल्या. दहा जणी, सरळ पाच जोड्या. फळ्यावर विषय लिहीत असताना रेखा माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी कुणासंग बसू? समद्या जोडीनं बसल्या."

रेखा सोडून उरल्या नऊ. नऊ जणी जोडीनं...?

मी मागं वळून पाहिलं नाही. वर्ग सुटला, सगळ्या खाली चला, असं फळ्याकडे तोंड करूनच सांगितलं. पावलं जिन्यावरून उतरली, तशी रेखाचा हात धरून मी बाहेर पडले. ती खोली सोडली.

कविता आता नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे. घरच्यांशी नीट बोलते, परदेशाचं नाव काढत नाही. मध्यंतरी फोनवर मी धीर करून विचारलं, ती कोण होती गं?

कविता म्हणाली, "मला काय माहीत, मॅडम? तुमीच तर तिचा हात धरून माझ्यासमोर आणून बसवलं."

मी कोणालाही आणून बसवलं नव्हतं... निदान मला तरी तसं आठवत नाही.