आडवा पाय

नवेगाव बांधच्या थांब्यावर एस.टी. सुटायच्या बेतात होती आणि माझ्यापुढचे म्हातारे गृहस्थ गुळगुळीत सिमेंटच्या रस्त्यावर खिळल्यासारखे थांबले. डाव्या हाताची बोटं विडी वळत असल्यासारखी सारखी हलत होती, पाय मात्र हलेनात. मी दंडाला धरून ओढलं, तर खेकसले, "ओढून काऊन राहिले जी? पडन ना मी! तुमचा पाय माह्यासमोर आडवा टाका."

कुणी स्वतःहून मला पाय आडवा घालायला सांगेल, असं कधी वाटलं नव्हतं. मी बिचकत टाकला. त्यांनी तो ऐटीत ओलांडला. "आता दुसरा!" असं करत आम्ही बसकडे निघालो. खिडकीतून एक बाई ओरडली, "काहो, म्हाताऱ्याले पाडून राहिले का?" ते खदखदून हसले. बसच्या पायऱ्या तर माझ्याआधी चढले.

शेजारी बसल्यावर म्हणाले, "पार्किन्सन आहे. डॉक्टर सांगते, डोस्क्याचा हुकूम पायाले वेळेवर भेटत नाही. पण समोर काही ओलांडाचं दिसलं का पाय आपल्यानंच उठते. सारी जिंदगी धुरे ओलांडले ना जी!" धुरे म्हणजे धानाच्या शेतातले बांध.

त्यांचं गाव आलं. मी आधी उतरलो आणि सरावानं पाय आडवा धरला. तो ओलांडून ते समोरच्या हिरव्या शेताकडे वळले.

"आता घेऊन जा तुमचा पाय," ते म्हणाले. "इथून पुढं माह्ये धुरे आहेत."