सोनोग्राफीवाल्या भिंगरीचा खांदा

दवाखान्यात तिला सगळे भिंगरी म्हणत. सोनोग्राफी करणारी बाई, पण एक पेशंट खाटेवरून उतरतो न उतरतो तोच हिची दुसऱ्याला हाक. गर्भार बायकांना मात्र ती कधी ‘सरका’ म्हणायची नाही. बिचाऱ्या आधीच अवघडलेल्या! त्यापेक्षा आपणच ओणवं व्हावं, हात लांबवून पोटावर प्रोब दाबून धरावा, मान मशीनच्या पडद्याकडे पिळावी. खाटही सकाळपाळीच्या उंच दादाने वर करून ठेवलेली तशीच. खाली घ्यायला एक कळ दाबायची, पण तेवढा धीर कुणाला?

खांदा आधी कुरकुरला, मग ठणकू लागला. आज तर घरून निघताना केसांना क्लिप लावायला हात वरच जाईना. थोरल्या जाऊबाईंनी क्लिप काढून घेतली नि स्वतःच लावली.

“साहेबांना सांगितलंस?”

“सांगितलं की बसवतील नावनोंदणीच्या खिडकीत. मशीन सुटलं की संपलं.”

“आणि हातच गळ्यात बांधायची वेळ आली म्हणजे?”

“वहिनी, तुम्ही नाट लावू नका हं!”

दुपारी एक पहिलटकरीण आली. प्रोब जरा दाबला आणि खांद्यातून बोटांपर्यंत अशी कळ गेली, की भिंगरीचं तोंडच वाकडं झालं. पोरगी पडद्याकडे नाही, तिच्याच तोंडाकडे बघत होती.

“काय दिसलं? खरं सांगा ना. बाळाला काही...” तिने चादर मुठीत धरली.

भिंगरीने घाईघाईने पडदा तिच्याकडे वळवला. “अगं नाही गं! हे बघ ठोके, कसे दौडताहेत. ते तोंड माझ्या खांद्यामुळे वाकडं झालं. दुखतोय मेला.”

“मग आधी नाही का सांगायचं? मी सरकले असते की!” डोळे पुसत ती खाटेच्या अलीकडच्या काठाला आली. “पोट वाढलंय ताई, पाय नाही मोडले.”

भिंगरीने खाट खाली घेतली, खुर्ची वर केली, पडदा समोर ओढला. टॉवेलची घडी कोपराखाली दिली, तसं कोपर अंगाशी टेकून हाताला आधार मिळाला. दुखणं कमी झालं, गेलं नाही. आणि एका पोरीचा जीव आपण टांगणीला लावला, हे काही डोक्यातून जाईना.

तपासणी आटोपली तशी ती विभागप्रमुखांच्या दारात उभी.

“सर, खांदा गेलाय. लपवत होते.”

साहेबांनी हात वर करायला लावला. तो अर्ध्यातच अडला.

“हाडांच्या डॉक्टरांकडे आत्ता जा. बरा होईपर्यंत निम्मेच पेशंट. आणि दर पेशंटनंतर थोडं थांबायचं.”

“म्हणजे खिडकीत नाही ना बसवत?”

“तुला बसवलं तर खिडकीच पळून जाईल.”

तिचा जीव भांड्यात पडला. “पण थांबायचं म्हणजे करायचं काय?”

“काही नाही. हात सैल सोडून बसायचं.”

“नुसतं?”

“नुसतं.”

हाडांच्या डॉक्टरांच्या दाराशी ही रांग! बाकावर एक जागा रिकामी होती. भिंगरीने तीनदा आत डोकावून पाहिलं, आणि शेवटी हात सैल सोडून बसली.