दालिबोरने कोरं सोडलेलं फाटक

आमच्या ओलेश्निच्का गावाचं तोंड चर्चकडे आणि पाठ रुळांकडे. पुढच्या खिडकीत फुलांच्या कुंड्या, मागे संडास, सशांची खुराडी आणि वाळत घातलेले लेंगे. त्यामुळे दालिबोर क्रेचमर आम्हाला कायम पाठीकडूनच ओळखत आला. तो आमच्या डोंगरातल्या दोन डब्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. कुणाच्या घरी बाळ आलं हे त्याला पाद्रीबाबांच्या आधी कळायचं, दोरीवरच्या दुपट्यांवरून.

मी तेव्हा गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर कामाला होते, राहायलाही तिथल्याच घरात. नवरा वारल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. शाळा माझी जेमतेम, पण फाटक खाली-वर करायला गणित लागत नाही. तिथून ड्रायव्हर मी ढिगाने पाहिले. पानगळीत रूळ साबणासारखे होतात. बाकीचे स्टेशन ओलांडून पुढे घसरत जायचे आणि तोंड लपवत गाडी मागे आणायचे. दालिबोर पडक्या गोठ्यापाशीच ब्रेक धरायचा आणि दार बरोबर फलाटाच्या फुटक्या फरशीसमोर आणायचा. पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या तिथेच उभ्या राहतात, म्हणून.

माझ्यावर तो एकदाच ओरडला. मी नवी लाल दुलई दोरीवर टाकली होती. त्याने आख्खी गाडी थांबवली आणि खिडकीतून डोकं काढलं.

"अनेझ्का मावशी, काय झालं? कुणी पडलं का रुळांवर?"

"कुणी नाही रे बाबा! दुलई वाळतेय."

"लाल? फाटकावर? ती काढा आधी. लाल दिसलं की मी थांबणार, मग ती दुलई असो नाहीतर बिशपचा झगा."

दोन्ही डबे खिडकीतून बघतायत आणि मी बोचकं उचलून घरात पळतेय! त्यानंतर मी लाल रुमालसुद्धा घेतला नाही.

पुढे फाटक गेलं, तिथे नुसते दिवे लागले, आणि मी गावात दालिबोरच्या शेजारी राहायला आले. अशात एका सकाळी पाववाला वोयत्येख लाल दिवा असताना घाईने रूळ ओलांडायला गेला आणि त्याची गाडी मधोमध बंद पडली. तो उडी मारून सुटला. दालिबोरने होता नव्हता तेवढा ब्रेक लावला, पण रेल्वे काही सायकल नाही. पाववाल्याच्या गाडीचा चुराडा झाला, पाव शेतभर उडाले, कावळ्यांची चंगळ झाली.

कुणी मेलं नाही, म्हणून गावाला वाटलं काही झालंच नाही. गुत्त्यावर लोक हाका मारायचे, "दालिबोर, उद्या येताना खसखशीचे पाव घेऊन ये!" तोही हसायचा. पण त्या जागेजवळ आला की त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं. वसंतापर्यंत हात सावरले तर ठीक, नाहीतर शेडमध्ये डबे धुणं.

एके दिवशी त्याची बायको हेडविका कुंपणाशी येऊन म्हणाली, "मावशी, आमचे हे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून झाडं लावतायत. या बघायला."

मी आलुबुखारच्या गोड पावांची परात घेऊन गेले. आणि काय सांगू, पडद्यावर आमचा सगळा रेल्वेमार्ग! तो पूल, तो पडका गोठा, फलाटावरची ती फुटकी फरशीसुद्धा. कॉम्प्युटरवरच्या अशा खेळात देशोदेशीचे हौशी लोक घरबसल्या गाड्या चालवतात म्हणे. दालिबोरने वाफे खणावेत तसा शहराकडून एकेक तुकडा आणि डोंगराकडून एकेक तुकडा मार्ग बांधत आणला होता. प्रत्येक घराची मागची भिंत, हुबेहूब.

मी म्हटलं, "आणि माझं फाटक?"

त्याने गाडी पुढे नेली. एके ठिकाणी रूळ संपले. पुढे नुसतं हिरवं, सपाट, कोरं.

"तिथलं काही आठवतच नाही मावशी. डोळे मिटले की वोयत्येखचा चेहरा दिसतो. बाकी काही नाही."

"अरे, मी जन्म काढला तिथे! लिही. पाण्याच्या पंपाच्या डावीकडे लायलॅकचं झुडूप, ते जांभळ्या फुलांचं."

"उजवीकडे," तो म्हणाला.

"डावीकडे. पाणी मी भरायचे का तू?"

"तुम्ही घराकडून बघत होतात मावशी. माझ्या बाजूने उजवीकडेच."

बघा, म्हणजे आठवत होतं गृहस्थाला! मी मुद्दाम चुकत गेले आणि तो मला खोडत गेला. बाक हिरवा म्हटलं, तर म्हणाला निळा. हेडविका कॉफी ओतता ओतता तोंड दाबून हसत होती. थोड्याच दिवसांत फाटक उभं राहिलं.

"आता वोयत्येखची गाडी ठेव," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं.

"रुळांवर नाही. रस्त्यावर. दिव्यापाशी थांबलेली."

ठेवली त्याने. हिवाळाभर तिच्यापुढून गाडी नेत राहिला. हेडविका सांगायची, आधी हे घामेजून उठायचे, मग एकदा ह्यांची शीळ ऐकू आली.

वसंतात खरी परीक्षा आली. गाडीत दालिबोरच्या शेजारी रेल्वेचा साहेब बसणार होता. आदल्या दिवशी मी वोयत्येखच्या दुकानात गेले.

"उद्या नवी गाडी घेऊन फाटकावर उभा राहा. दिव्याच्या अलीकडे."

"मला बघून तो अजून घाबरेल, मावशी."

"तू थांबतोस हे त्याला दिसू दे. आणि इंजिन बंद ठेव, नालायका."

उभा राहिला बिचारा, टोपी हातात घेऊन, आणि शेजारी मी. लाल दिवे लागले. वळणावरून भोंगा आला, लांबलचक, आणि दालिबोरची गाडी आमच्या समोरून गेली. थोडी हळू, पण न थांबता. वोयत्येखने टोपी हलवली.

संध्याकाळी मी दालिबोरला विचारलं, "हात?"

"थरथरले. पुलाशी थरथर थांबली."

"साहेबाला दिसलं?"

"दिसलं. म्हणाला, उद्या परत जाऊ."

"मग उद्या परत जा."

तो गेला. आठवडाभर गेला, आणि शनिवारी साहेब त्याच्या शेजारी न बसता मागच्या डब्यात जाऊन बसला. तिथे निर्धास्त डुलकी लागली त्याला, असं तिकीट तपासणारी सांगत होती.