पाठमोरी मुलाखत

“ही मुलगी काहीतरी लपवतेय,” मॅडम आतल्या खोलीत शिपाईकाकांना सांगत होत्या. दार अर्धं उघडं होतं आणि ती मुलगी, म्हणजे मी, बाहेर फॉर्म लावत बसले होते.

आमच्या मॅडमइतकं संशयी माणूस मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत दुसरं सापडायचं नाही. डोळे आपल्याला कसे फसवतात आणि नुसता चेहरा बघून आपण माणसाला चांगलं-वाईट कसं ठरवून टाकतो, यावर त्यांनी कॉलेजात तीस वर्षं संशोधन केलं. त्यात त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास उडाला. स्टेशनबाहेरचा भाजीवाला वर लाल ताडपत्री बांधतो, म्हणून त्या एकेक टोमॅटो उन्हात नेऊन बघत. “फिरवून झाले की परत ठेवा हां मॅडम,” तो म्हणायचा. मुलाखत घेताना तर त्या उमेदवाराकडे चक्क पाठ करून बसत. चेहरा दिसला की मत बनतं, म्हणत. मी लाजरी, आयुष्यात तेवढी एकच मुलाखत मला चांगली गेली. पंचाईत पुढे झाली, कारण कामावर मॅडम समोर बसत, आणि समोर कुणी बसलं की मी जमिनीकडे बघते.

त्या आठवड्यात मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये चाळीस अनोळखी माणसांचे फोटो घेऊन गेले होते. ‘याच्यावर विश्वास ठेवाल का?’ एवढाच प्रश्न. बारा कामगारांनी सगळ्याच्या सगळ्या फोटोंपुढे ‘हो’ लिहिलं. मॅडमनी गठ्ठा तीनदा चाळला.

“खरं सांग गं, कुठल्या हॉटेलात बसून भरलेस हे?”

मी फरशीकडे बघत राहिले.

“बघ, नजर वर होत नाही.” खाली नजर म्हणजे खोटेपणा नव्हे, हे वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाई बोलत होत्या. “सोमवारपासून येऊ नकोस.”

आता मॅडम निवृत्त होऊन कांदिवलीला राहतात. फोन केला की आधी विचारतात, “आवाज तुझाच ना?” मला त्यांची फार आठवण येते. नव्या ऑफिसात सगळे मला बघताक्षणीच चांगली म्हणाले; त्यांचा मला अजून भरवसा वाटत नाही.

त्या दिवशी मात्र मी पर्स उचलून दारापर्यंत गेले होते. तिथूनच, त्यांच्याकडे न बघता, म्हटलं, “मॅडम, मी त्या कामगारांना कारण विचारलं होतं. ते म्हणाले, ज्याच्याबरोबर एक दिवसही काम केलं नाही, त्याला लबाड कसं म्हणायचं? तुम्ही तर माझ्याबरोबर वर्षभर काम केलंय.”