बशीच्या पलीकडे काच

चळवळीची पत्रकं वाचत वाढलेल्या माणसाला साधा प्रश्न विचारू नये. सत्तरच्या दशकात मी नागपूरला शिकत होतो आणि पोटासाठी एका प्रयोगशाळेत काचसामान धूत होतो. बाळामागून जी वार पडते, तिच्या पेशी तिथे काचेच्या बशीत वाढवत. त्यांच्यावर औषध घालायचं आणि पेशींनी किती आत घेतलं ते मोजायचं. मी नुसत्या बशा धुणारा, पण गावी, मेडशीला, आलो की सांगायचो, "आम्ही वार काचेत वाढवली."

वहिनी गरोदर होती आणि तिला क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. एका सकाळी तिने पुडी माझ्यापुढे ठेवली.

"भाऊजी, सोमवारपासून घेतल्याच नाही मी. ह्या लेकरापर्यंत जातात का? तुमी तं वार वाढवता."

मी घसा खाकरला. वार म्हणजे आई आणि बाळ यांच्यामधला आडत्या. माल कोणता सोडायचा, कोणता अडवायचा, ही सत्ता कोणाची? बोलता बोलता माझी मूठ वळली.

"आडत्या बजारात पाह्यला मी. जातात का नाही, तेवढं सांगा."

मी कोळशाने फरशीवर बशी काढली. वर औषध, मधे पेशी, खाली... खाली काच. पेशी बुडालाच चिकटलेल्या. औषध आत शिरलं हे कळत होतं. बाळाकडे निघालं का, हे कळायला पलीकडची बाजूच नव्हती. एवढ्या बशा घासल्या, पण हे कधी डोक्यात आलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मंग एवढा वेळ काय बोलून राह्यला होता?" चुलीजवळून आई.

एसटीने वहिनीला अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "थोडं औषध पोचत असेल. पण आजार वाढला तर धोका दोघांनाही. या गोळ्या थांबवू नका." वहिनीने तिथल्याच नळाच्या पाण्याने गोळी गिळली. मी वाटेत रचलेलं भाषण तसंच परत आणलं.

पुढे घरीच मुलगी झाली, आवाजाने माझ्याहून खणखणीत. आईने माझ्या हाती कुदळ दिली. परसात वार पुरायची होती. मी अंधश्रद्धेवर सुरू झालो.

"दीक्षा घेतली, देव सोडले बाप्पा आपण. आता वार काय कुत्र्याले टाकू?"

आतून वहिनी म्हणाली, "भाऊजी, खोल खंदा. बोलनं मंग."

मी खोल खणलं. काचेत वार वाढवणाऱ्या या क्रांतिकारकाने खरी वार त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती आमच्या कुठल्याच बशीत मावली नसती.