पट्टीशेजारचा राब

राब म्हणजे काय, हे आमच्या बदलापूर गावात कुणाला सांगावं लागत नाही. पण खरवईच्या नव्या बिल्डिंगीतल्या बायका विचारतात, म्हणून सांगते. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, टहाळ्या, पालापाचोळा पसरायचा, वर माती भुरभुरायची आणि उन्हाळ्यात ते भाजून काढायचं. तणाचं बी जळतं, जमीन मोकळी होते. राब बिघडला की वर्ष बिघडलं.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. वर डोंगरात धरणाचं काम निघालेलं. साहेबलोकांना यायला-जायला आमच्या शेताला लागून विमानाची पट्टी केली. पट्टी कसली, मुरूम टाकून रोलर फिरवलेला माळ! कडेला चुना फासलेले दगड आणि खांबावर कापडाची लांब पिशवी. वारा कुठला ते म्हणे ती दाखवते.

त्या साली माझा राब रचून तयार होता. काडेपेटी घेऊन गेले, तर पट्टीचा वॉचमन शिट्टी मारत धावत आला. वॉचमन कोण, तर माझाच चुलत दीर.

"वहिनी, थांबा! उद्या विमान येणार. वरून ऑर्डर आहे, धूर नको."

"बरं भाऊजी, परवा भाजते."

परवा गेले तर म्हणाला, "आलंच नाही हो. उद्या नक्की." असे आठ-दहा दिवस गेले. सासूबाई रोज टोमणा मारायच्या, "त्याच्या शिट्टीला घाबरतेस होय गं? कालपर्यंत माझ्या चुलीपाशी भाकर मागायचा तो. पेटव!"

नाही पेटवला मी. त्याची नवी नोकरी. माझ्यापायी गेली तर जावेला तोंड कसं दाखवू? इथंच चुकले.

दहाव्या दिवशी दुपारी वळीव असा कोसळला की राबाचा चिखल झाला. आणि विमान आलं कधी? दुसऱ्या दिवशी सकाळी!

साहेब जीपमधून धरणाकडे गेले. विमानवाला पाणी मागायला आमच्या बांधावर आला, मागोमाग दीरही. मी तांब्या दिला आणि तडकूनच बोलले, "तुम्हारे वास्ते हमारा राब भिजा. धुआँ नको बोलते."

"किसने बोला भाभी?" तो म्हणाला. "थोडा धुआँ तो अच्छा है. खंबे की वो थैली कब की फटी है, धुएँ से ही हवा समझती है."

मी दिराकडे बघितलं. तो शिट्टी खिशात घालत पुटपुटला, "मला वरून सांगितलं, वहिनी."

"वरून म्हणजे कुठून रे? आकाशातून आलेला माणूस तर हा इथं उभा आहे!"

चार दिवस उन्हात उलथून मग पेटवला, पण राब नुसता धुमसला. दोन दिवस पट्टीभर धूर. कुणी अडवायला आलं नाही. पुढं भात आणि गवत एकाच उंचीचं उगवलं. निवडून निवडून माझी बोटं सोलली, तरी रोप कमीच पडलं.

लावणीच्या वेळी दिरानं आपल्या शेतातल्या रोपाच्या दोन जुड्या आणून ओटीवर ठेवल्या. त्याचा राब नोकरी लागायच्या आधीच भाजून झालेला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "ठेवून घे. चहा मात्र विचारू नकोस."

नाही विचारला. त्या दोन जुड्यांत पट्टीकडच्या खाचराचा एक कोपरा भरला. बाकीच्या खाचरात त्या साली गुरं चरली.